दोन हिवाळे

स्क्रूड्रायव्हर दाराखालच्या पट्टीला टेकवला,
नीट दाबलाही नव्हता,
आत गेला.
चहात भिजलेल्या बिस्किटात बोट जावं तसा.

तपासणी केंद्राच्या कागदावर 'नापास' होतंच.
आइला हेलान्तेरा, वय अठ्ठ्याहत्तर,
लिफ्टखाली माझ्या शेजारी उभी राहून
आपल्याच गाडीचं पोट बघत होती
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
"एवढं सगळं खाली असतं होय?"

राउमात गंज दोन वाटांनी येतो.
एक समुद्रावरून,
दुसरा रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागून.
नोव्हेंबर ते एप्रिल आम्ही बर्फाला मीठ चारतो,
मग ते मीठ आमच्या गाड्या खातं.

मी बोटं मोडली :
दोन्हीकडच्या पट्ट्या, मागच्या शॉकअबसॉर्बरची बैठक,
ब्रेकचे पाइप, सायलेन्सर.
तो तर तारेनं बांधलेला.
"ही तार कुणी लावली?"
"मीच. कपडे वाळत घालायची आहे."
चौदाशे युरो.
आणि गाडी विकायला काढली तर सहाशे,
तेही टाकी भरलेली असली तर.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

आता इथे खरं सांगायला हवं.
माझ्या मेव्हण्याचं, वेइक्कोचं,
तुर्कूच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचं दुकान आहे.
मी धाडलेलं गिऱ्हाईक किल्ली घेऊन बाहेर पडलं
की माझ्या खात्यात दोनशे युरो पडतात.
तर मी तोंड उघडलं :
त्याच्याकडे एक चंदेरी आहे, आठ वर्षांची,
सीट गरम होते,
मागे घेताना पडद्यावर सगळं दिसतं,
पट्टा लावला नाही तर ओरडते.

"ओरडायला मला बहीण आहे," आइला म्हणाली.

मला वाटलं, आता आठवणी निघणार.
या वळणावर सगळेच तिथे येतात :
मुलगी दवाखान्यातून याच सीटवर घरी आली,
कुत्रा मागे त्या कोपऱ्यात झोपायचा.
मी तसा चेहरा करून ठेवला,
हातातल्या फडक्याची घडी घातली.

तिनं पर्समधून डायरी काढली.
"सोमवारी वाचनालय. गुरुवारी गाण्याची तालीम.
महिन्यातून एकदा बहीण,
जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर.
जळण आता शेजारी आणून टाकतो.
डावा डोळा बरा, उजवा ढगाळ.
परवान्यासाठी डॉक्टर बघणार
मार्चमध्ये. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या.
तो नाही म्हणेल.
मी त्याच्या जागी असते तर
मीही नाहीच म्हटलं असतं."

डायरी मिटली.
"तुझी चंदेरी पंधरा वर्षं चालेल.
वरची तेरा कोण चालवणार?
मला दोन हिवाळे लागतात.
तेवढे वेल्ड करून दे."

वरच्या पाइपातून एक थेंब सुटला,
तिच्या लोकरी टोपीवर पडला.
तिनं तो पुसला नाही.

पट्टी कापली तेव्हा आतून निघालं :
वाळू, पाइनच्या सुया,
एक फुटका शिंपला, कसा गेला देव जाणे,
आणि ओंजळभर तांबूस भुगा,
जो कधीकाळी पत्रा होता.
नवा पत्रा बसवला. एक ठिणगी कॉलरमधून आत गेली,
मी आईवरून शिवी दिली, रेडिओ मोठा केला.
तार सोडवली, गुंडाळून
पुढच्या सीटवर ठेवली. तिची होती.

वेइक्कोला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक गेलं.
"म्हातारी चिवट दिसते."
"चिवट नाही रे," मी म्हटलं, "हिशेबाला पक्की."

खालून काळ्या लेपाचे दोन हात द्यायचे असतात.
शनिवारी शटर ओढून घेतल्यावर
मी तिसरा दिला.
बिलात दोनच लिहिले.
आइलाचा फोन आला, झाली का,
तर म्हटलं, लेप अजून ओला आहे,
सोमवारी ये,
वाचनालय उघडायच्या आधी.